दोघांना उचलेल एवढा

विश्रामबागेतल्या दुकानात
तिसऱ्यांदा येऊन बसलेय.
नव्या खोक्यांचा वास, गोडमिट्ट चहा,
टेबलावर दोन डिजिटल मिक्सर:
एक बत्तीस चॅनेलचा, एक सोळाचा.

कोरेशेठ बटण दाबतात
आणि बत्तीसचे सगळे फेडर
कुणी बोट न लावता
सर्रकन आपापल्या जागी जातात,
हेडमास्तर वर्गात आल्यावर
पोरं सरळ बसावीत तसे.
"आजचं सेटिंग, मॅडम, दहा वर्षांनी
जसंच्या तसं परत."
मी मान हलवते.

माझी यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे.
प्रीअँपची खरखर: रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून.
लाइट जाऊन आली तर किती वेळात उठतो.
धनगरी ढोल खोलीत घुमला तर
लाल दिवा कितव्या थापेला लागतो.
आणि स्क्रीन
हळदीच्या बोटांना ओळखते का.
हसू नका, शेठ.
मार्केट यार्डातले अडते सौद्यातून उठून
तसेच येतात जाहिरातीला आवाज द्यायला,
आणि प्रत्येकाला
एक तरी बटण दाबून बघायचं असतं.

आमचा जुना चोवीसचा होता.
भूपालकाकांनी कुठून कुठून पैसे जमवून आणलेला.
खाली कागदी पट्टी, तिच्यावर त्यांचं तिरकं अक्षर:
ढोलकी. पेटी. झांज. कोरस बायका.
सातव्या चॅनेलवर
"नाना (लांब उभे करणे)".

पूर आला त्या रात्री
आम्ही चौघांनी तो उचलला.
गावभागातला जिना, वळणावर अरुंद.
तिथं तो अडकला, तिरका,
वर जाईना, खाली येईना.
पाणी तिसऱ्या पायरीला आलं
तेव्हा काका म्हणाले,
"ठेवा त्याला. माणसं वर चला."

नवव्या दिवशी खाली उतरलो.
फेडर जिथल्या तिथं,
फटीफटीत गाळ वाळून घट्ट.
शेवटच्या रेकॉर्डिंगचं सेटिंग
नदीनं सेव्ह करून ठेवलेलं.

"शेठ, वजन किती?"
कोरेशेठ थांबतात.
हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.
पुस्तिका चाळतात, चष्मा वर करतात, खाली करतात.
बत्तीसचा एकतीस किलो,
पेटीसकट पन्नासला टेकलेला.
सोळाचा तेरा.

रियाज काही बोलत नाही.
सोळाचं एक टोक तो धरतो, दुसरं मी.
दुकानाच्या दारापर्यंत जातो,
तिथं, जिथं काहीच नाही,
तो खांदा पाडून वळतो,
मी एक पायरी वर चढल्यासारखी.
बसतो वळणात.
"अहो, ट्रॉली आहे की!" शेठ म्हणतात.
रियाज म्हणतो, "जिन्यात ट्रॉली न्हाई चालत."

बिल होतं. पाचशे कमी होतात, जास्त नाही.
वायरीचं एक भेंडोळं फुकट.

रात्री काकांचा फोन.
"किती चॅनेलचा घेतलास?"
"सोळा."
पलीकडे बराच वेळ टीव्हीवरच्या बातम्या.
"मग कोरस?"
"बायका एकाच माइकला उभ्या करीन.
तुम्ही करायचात तशा, उंचीप्रमाणे."
"हं," म्हणाले. मग,
"आणि मागं जास्त जागा ठेव."
कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आता खोलीत नवा मिक्सर निळा निळा उजळलाय.
प्रत्येक फेडरवर इवलीशी स्क्रीन, तिच्यात नाव.
मी तरी खाली कागदी पट्टी चिकटवतेय.
रियाज वाकून बघतो:
"नाव वर दिसतंय की, ताई."
"आणि लाइट गेल्यावर?"
तो पेनचं टोपण काढून देतो.