गळती

बडोद्याच्या पाण्याचे नकाशे मी काढले, तेहेतीस वर्षं.
आजव्याहून निघालेलं पाणी रावपुऱ्यात कुठे वळतं,
कुठल्या व्हॉल्व्हला दीड आटा जास्त द्यावा लागतो,
सगळे मला विचारत.
आता विचारतात, उपाशीपोटी किती?
जेवल्यावर किती?

डाव्या पायाची दोन बोटं इस्पितळात राहिली.
उरलेल्या आठांना काही कळत नाही.
याच माघात शेकायची पिशवी तळव्याखाली घेऊन झोपलो.
सकाळी चादर काढताना शरयू ओरडली,
तेव्हा समजलं, मी भाजलोय.
ओरडायला मी हवा होतो.

हा बधिरपणा चढत जातो का, डॉक्टरांना विचारलं.
घोट्यापर्यंत, म्हणाले. फार तर पोटरी.
मग नातीचा फोन आला, आजोबा, मी चित्रकलेत पहिली!
मी म्हणालो, छान.
आणि ते टाचणी टोचून बघतात ना तळव्याला,
तसा तो शब्द स्वतःला टोचून पाहिला.
काही नाही.
हे घोट्याच्या बरंच वर होतं.

फाइल जाडजूड आहे. डोळ्याच्या पडद्याचे फोटो,
मूत्रपिंडाचे आकडे, पायातल्या रक्ताचा आलेख.
याला रकाना नाही.
मेव्हणे म्हणतात, पहाटे बागेत फिरून येत जा.
तिसरा मजला. लिफ्ट दिवाळीपासून बंद.

रात्री अडीचला जाग येते.
हीच तर आमची वेळ होती.
रहदारी निजली की छगन वसावा
लोखंडी कांब रस्त्याला टेकवायचा
आणि वरच्या टोकाला कान.
एकदा दांडिया बाजारात चार रात्री असे बसलो.
वर डांबर ठणठणीत, थेंब नाही.
लोक हसायचे.
छगन डोळे मिटून म्हणायचा, साहेब, अहीं बोले छे.
आणि तिथेच असायची.

एक मात्र आम्हाला ऐकू आली नव्हती.
सकाळी दुधाच्या टेम्पोचं चाक रस्त्यात गेलं, आसापर्यंत.
खालची माती कित्येक वर्षं
वाहून जात होती.

बुधवारी रात्री फ्रिज उघडून
इन्सुलिनच्या बाटल्यांपुढे उभा राहिलो.
जरा जास्त वेळ.
सकाळी मेथी निवडताना शरयू म्हणाली,
फ्रिज उघडा होता बराच वेळ.
मी म्हटलं, गार वाटावं म्हणून.
माघात? म्हणाली,
आणि पुढची जुडी सोडली.

तिनेच कळवलं असणार.
रविवारी छगन आला, तीन मजले चढून,
प्रत्येक जिन्यावर बसत.
शहरातला सगळ्यात तिखट कान,
त्यात आता यंत्र, आणि तेही शिट्टी मारतं.
मोठ्याने बोला साहेब, म्हणाला.

जे मी उशीलाही पुटपुटून सांगितलं नव्हतं
ते आता ओरडून सांगायचं होतं.
मराठीत जमलं नसतं.
मराठीत मी जावई आहे, आजोबा आहे,
गणेशोत्सवाच्या कमिटीचा माजी खजिनदार आहे.
छगनशी गुजरातीत बोलतो. म्हणालो,
छगन, जीववुं गमतुं नथी.
शुं?
जीववुं गमतुं नथी.
शुं, साहेब?
तिसऱ्यांदा आवाज फाटला, जिन्यापर्यंत गेला असेल.
स्वयंपाकघरातली विळी थांबली.

छगनने यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं.
बिचारे, अरेरे, असं काही म्हणाला नाही.
खुर्ची पुढे ओढून
गळती सापडल्यावर पहिल्यांदा विचारायचा तेच विचारलं,
क्यारथी?

कधीपासून.
मी बोटं मोजायला घेतली,
हातांची.
ती सगळी आहेत.