निम्म्याला अकरा कमी

मतं मोजून झाली तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती,
डेपोत कचऱ्याच्या गाड्या धुणं चाललं होतं.
ग्विलिमनं आकडा फळ्यावर लिहिला
आणि खडू पुसून खिशात टाकला,
पुन्हा लागणारच आहे अशा बेतानं.

संपाच्या बाजूनं दहातले नऊ.
पण कायदा म्हणतो, निदान निम्म्यांनी तरी
लिफाफा परत धाडायला हवा.
निम्म्याला अकरा कमी पडले.

अकरा.
म्हणजे उरलेल्या तीन वाचनालयांतली सगळी माणसं.
म्हणजे बर्फाच्या रात्री रस्त्यावर मीठ टाकणारी एक पाळी.
म्हणजे आमच्या फोनच्या खोलीतली एक रांग,
जिथं बसून मी दिवसाला ऐंशी जणांना सांगतो
की घरासाठी यादी आहे,
आणि त्या यादीत शिरायला आणखी एक यादी.
कोणी पलीकडे रडतं.
रडण्याला पडद्यावर कोड नाही.
मी ‘इतर’ दाबतो.

पगारवाढ मागितली, तर वाटाण्याच्या अक्षता.
ताण वाढलाय म्हटल्यावर मात्र आठवड्यात आल्या
एक बाई, वीस निळ्या चटया आणि फळांची टोपली.
बाई म्हणाल्या, डोळे मिटा, समुद्र ऐका.
तेगवेननं डोळे मिटले
ते तास संपला तरी उघडले नाहीत.
आम्हाला वाटलं, बरी शांत झाली.
झोपली होती.
रात्री ती सुपरमार्केटात फळ्या भरते.
जाताना तिनं चार केळी पिशवीत टाकली, मुलांसाठी,
आणि मी घाईघाईनं
चटया गुंडाळायला लागलो.

एरलिस म्हाताऱ्यांच्या घरी जाते.
अंघोळ, गोळ्या, टोस्ट, चहा: पंधरा मिनिटं.
पंधरा झाली की फोन थरथरतो,
मिस्टर प्रॉबर्टचा एक हात
अजून स्वेटरच्या बाहीत अडकलेला असला तरी.
एका दरीतून दुसऱ्या दरीत जायचा वेळ
पगारात धरत नाहीत.
त्या वेळात ती, कौन्सिलच्या हिशेबानं,
नसतेच.
रोज तीस मैल ती नसते.
पेट्रोल असतं. पदरचं.

सप्टेंबरात कँटीनमध्ये तीच बोलली होती.
चमचे ठेवून माणसं उठली होती.
आचारीसुद्धा.

शनिवारी तिची गाडी चढावर बंद पडली.
मी तारा घेऊन गेलो. अंधार, वारा,
खाली दरीत गावाचे दिवे सांडलेले.
टॉर्च शोधायला तिच्या गाडीचा कप्पा उघडला,
तर हातमोज्यांची खोकी, खोकल्याच्या गोळ्या,
आणि तो लिफाफा.
पत्ता छापलेला. तिकिटाची गरज नसलेला.
व्यवस्थित चिकटवलेला.

“फुली पहिल्याच रात्री मारली होती,” ती म्हणाली.
“मग म्हटलं, जाता जाता...”
पुढचं वाऱ्यावर सोडलं तिनं.

लाल पेट्या तिच्या वाटेवर चार आहेत.
चारही ठिकाणी
ती नसते.

माझा लिफाफा मी केव्हाच टाकला होता.
माझ्या ऑफिसच्या दारातच पेटी आहे.
गुरुवारी फळ्यापुढं उभा राहून
मी मनातल्या मनात अकरा जणांना
काय काय म्हणालो होतो,
ते तिला सांगितलं नाही.

तो कागद आता कशाच्याच कामाचा नव्हता.
तरी तिनं तो मांडीवर ठेवून सरळ केला
आणि परत कप्प्यात ठेवला.

तारा जोडल्या. माझं इंजिन घुरघुरत राहिलं,
तिचं खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं,
लागलं.
तेवढ्यात फोन थरथरला:
उशीर एकोणचाळीस मिनिटं. कारण निवडा.

तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला,
‘इतर’ दाबलं,
आणि गिअर टाकला.