हातचा एक

नोंदणी उघडते सकाळी सहाला.
आत्ता साडेचार. हॉस्पिटलच्या लाँड्रीत
चादरींच्या ट्रॉलीवर, पत्र्याच्या बाजूला,
मी खडूने पुढचं सत्र मांडते आहे.
शुक्रवार रिकामा, कारण शुक्रवारी एलीचा दात—
नाही, दात मागच्याच महिन्यात काढून झाला.
शुक्रवार नुसताच रिकामा.

सल्लागाराच्या कागदावर सगळं सोपं आहे:
पर्यटनाची ओळख, तीन क्रेडिट.
व्यावसायिक पत्रलेखन, तीन क्रेडिट.
"नोकरी, मूल, सगळं सांभाळून झेपेल असं,"
तो बोलला चांगुलपणानेच;
डुलुथच्या थंडीत बाहेर पडताना
कुणी मायेने कानटोपी खाली ओढावी तसं,
डोळे झाकले जातील इतकी खाली.

म्हणून काल एंगेब्रेट्सन बाईंकडे गेले,
विषय बदलण्याच्या फॉर्मवर सही मागायला.
खोलीत हीटरवर रबरी बूट उलटे वाळत होते.
फडताळात सरोवराच्या तळाचा गाळ,
बरण्या-बरण्यांतून, लोणच्यासारखा मुरत.
बाईंनी फॉर्मकडे पाहिलंच नाही.
माझी प्रयोगवही ओढली, पान अकरा काढलं.

"इथे तू चुकलीस."
हो.
"खोडलं नाहीस."
नाही.
"एक रेघ. वर नवा आकडा. शेजारी वेळ, दोन वाजून दहा.
आणि खाली हे काय?"
मीच लिहिलेलं मला वाचून दाखवावं लागलं:
हात गारठले होते, दोर नीट मोजला नाही.

बराच वेळ त्या सँडविच चावत राहिल्या.
मग म्हणाल्या, "जानेवारीत आम्ही बर्फावर जातो.
भोक पाडतो, दोर सोडतो.
दोर सोडणारे मला पुष्कळ मिळतात.
दोर चुकला म्हणणारं कुणी मिळत नाही."

मला कॅल्क्युलस येत नाही, मी म्हटलं.
सोबत घ्यावं लागतं, ते मला माहीत होतं.
"मला दोनदा घ्यावं लागलं.
दुसऱ्यांदाही जेमतेमच पास झाले.
चाळीस वर्षांत सरोवराने एकदाही गुणपत्रिका मागितली नाही."

सही केली नाही. फॉर्म परतही दिला नाही.
अर्ध्या सँडविचखाली तो राहिला तो राहिलाच.

माझे वडील खनिजाच्या धक्क्यावर टनांचा हिशेब ठेवायचे.
आमच्या स्वयंपाकघरात बसून मला बेरजा शिकवल्या त्यांनीच,
आणि मी दर वेळी हातचा विसरायचे.
"आयना, तो एक कुठे गेला?"
कुठे जाणार? दिसत नसतो तो उत्तरात.
डोक्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवायचा असतो,
पुढच्या घरात मिळवायचा असतो.

आज चादरींच्या घड्या घालताना तेच आठवतंय.
शाबासकी म्हणावी असं बाई काहीच बोलल्या नाहीत.
जिन्यावरून उतरताना मला वाटलंही,
गेले होते कशाला आणि आले काय घेऊन.
पण काहीतरी हातचं राहिलंय खरं.

पाच एकोणसाठ. ड्रायर थांबले.
बंदरात एका बोटीचा भोंगा लांबच लांब वाजतोय,
वर्षाच्या शेवटच्या खेपांपैकी एखादी असेल.
कॅल्क्युलस एक: मंगळवार, गुरुवार, सकाळी आठ.
शिफ्ट साडेसातला संपते, बस बारा मिनिटांची,
कपडे बदलायला वेळ नाही;
साबणाचा वास घेऊन बसेन मागच्या बाकावर.
दाबलं.

हिवाळी क्षेत्रकाम: शुक्रवार, दिवसभर.
बाराच्या बारा जागा भरल्या.
प्रतीक्षा यादी, क्रमांक दोन.
क्षणभर बोट तसंच हवेत.
मग तेही दाबलं.

ट्रॉलीवरचा खडू मी पुसला नाही.
पर्यटनाच्या ओळखीवर एक रेघ मारली,
शेजारी वेळ लिहिली, सहा वाजून चार.
आणि त्याखाली:
हात ओले होते.