नमुना

बाहेर पंचवटीत माणसं शेकोटीत टायर जाळत होती,
आणि आत हॉलमध्ये एसी.
निळी मॅट, धूर सोडणारं यंत्र,
बारा संघांतून वेचलेले चौदा तारे.
सात इकडे, सात तिकडे.
इकडचे तिकडे उभे केले असते तरी चाललं असतं.

मी रेषेवर, पंच.
मानधन आठशे, एक टी-शर्ट, जेवणाचं कूपन.

तीस वर्षं प्रेसला होतो, नाशिकरोडला.
भोंगा वाजला की नोटा, भोंगा वाजला की मैदान.
संघाचा डावा कोपरा माझा.
हे बोट बघा,
मनमाडच्या रेल्वेवाल्यांनी मोडलेलं.
बक्षीस काय, तर स्टीलचा हंडा, सात जणांत एक.
हंडा कुणाकडे गेला आठवत नाही.
बोट माझ्याकडे आहे.

पहिली चढाई.
कोपऱ्यानं घोट्याला हात लावला
जसा आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो,
वाकून, आणि लगेच काढून.
टाळ्या.
गुण असे पडत होते
की फलकावरचा पोरगा मागे राहिला.

मॅट पुसायला चार मुलं होती, सिडकोतली.
चढाई संपली की धावायचं, घाम टिपायचा, परतायचं.
त्यातला योगीराज, दहावीतला,
तीनदा धावला.
मग फडक्याकडे बघितलं त्यानं,
मग माझ्याकडे.
कोरडं.

हेमराज कातकाडे आमच्या वडनेरचा.
चवड्यावर उभं राहायला त्याला मी शिकवलं.
त्याची आई तिसऱ्या रांगेत, नवी शाल, मोबाईल उंच धरून.
त्याची चढाई आली.

नियम जुना आहे: दम तुटला की बाद.
आता घड्याळ असतं, तीस सेकंदांचं,
दम कोण ऐकतो.
मी ऐकतो.
कबड्डी, कबड्डी, कब
आणि समोरच्यानं डोळा मारला, आणि हा खिदळला.

माझी शिट्टी वाजली.
मी वाजवली असं म्हणवत नाही.

सगळं थांबलं. धुराचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं.
हेमराजनं वळून पाहिलं,
जबडा आवळलेला, मान खाली, खांदे वर,
अख्ख्या संध्याकाळीत पहिल्यांदा
मला तो ओळखीचा वाटला.
भांड रे, म्हटलं मनात. ये अंगावर.

"अंपायरकाका फॉर्मात!" निवेदक ओरडला.
हशा फुटला, शिट्ट्या,
आणि त्यानं येऊन मला खांद्यावर उचललं,
कॅमेऱ्यांपुढे गोल फिरवलं.
फिरवताना डावा पाय तो टेकवत नव्हता नीट.
कानाशी म्हणाला,
"काका, गुडघा आहे. शनिवारी पुण्यात खरी मॅच."

काय बोलणार?
माझ्या गुडघ्याला कुणी भाव लावला नव्हता
म्हणून मी तो उधळला.
यात माझं शौर्य किती, आणि स्वस्ताई किती,
हे अजून ठरत नाही.

प्रेसमध्ये एक नोट असायची.
कागद तोच, शाई तीच, तार तीच,
उजेडात धरली तर आतलं चित्रही उमटायचं.
फक्त नंबराच्या जागी शून्यं
आणि आडवा लाल शिक्का: नमुना.
तिला खोटी कुणी म्हणत नसे.
तिच्यावर चहा मिळत नसे, एवढंच.

बावन्न-बावन्न. बरोबरी.
दोन्ही कप्तानांना एकच चषक, दोन बाजूंनी धरलेला.
मी कागदावर सही केली, वाकड्या बोटानं,
वाकडी.

निमाणीला बसची वाट बघत उभा होतो.
योगीराज आला, पाठीला दप्तर.
"काका, दम तुटला म्हणजे नक्की काय हो?"
सांगून कळत नाही ते.
छाती भरली, आणि सुरू झालो तिथेच थांब्यावर,
कबड्डी, कबड्डी, कबड्डी,
तोंडातून वाफा,
केळीवाला गाडी आवरायचं सोडून बघत राहिला.
पोरगा बोटांवर मोजत होता.

अठराला खोकला आला.
बस आली.

"अठराच?" तो म्हणाला,
पायरीवर चढता चढता.