बिनफितीचे शर्ट

साखर पेठेतल्या गाळ्यात
मल्लेशम मास्तर कापड बेततात, मी काजं करते.
एरवी शाळांचे गणवेश,
यंदा ठेकेदारानं फौजेचं काम आणलं
आणि गाळा भिंतीपर्यंत हिरवा झाला.

गुंडप्पा हिरोळे पाचला येतात,
सायकल विजेच्या खांबाला टेकवून.
सिग्नलमधून हवालदार म्हणून निवृत्त.
त्यांना काम एकच, बिल्ले तपासायचे.
"ही फीत उलटी लावली की बाई.
टोक खाली पाहिजे. अख्खी पलटण हसंल त्याला."

त्यांनीच शिकवलं मला, कागदातल्या शेंगा पुढ्यात घेऊन.
एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार.
दहा माणसांची सेक्शन: दहा शेंगा.
तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी,
ते मांडत गेले.
बटालियनला टेबल भरलं,
ब्रिगेडला मास्तरांची कात्री उचलावी लागली,
डिव्हिजनला शेंगा संपल्या.
"पुढं कोअर, त्याच्या वर कमांड.
आपली दक्षिणेची पुण्यात बसती.
तेवढ्या शेंगा अख्ख्या मार्केट यार्डात निघायच्या न्हाईत."

मग म्हणाले, हुकूम उडी मारत नाही.
जनरलला दहावा माणूस नावानं ठाऊक असला
तरी तो त्याला हाक मारत नाही.
ब्रिगेडियर, कर्नल, मेजर, सुभेदार,
पायरी पायरीनं उतरतं सगळं
आणि "जी साब" त्याच जिन्यानं वर जातं.

मी विचारलं, आणि चुकला तर?

त्यांनी एक शेंग फोडली, खाल्ली नाही.
"एका रात्री दोन वाजून दहाला आला: पुढं सरका.
मी लिहून घेतला, खाली दिला.
दोन चाळीसला आला: थांबा.
तोबी लिहून घेतला, खाली दिला.
पण त्यालाबी तोच जिना होता ना बाई.
सेक्शनपर्यंत पोचला तवा तांबडं फुटलेलं."
"मग?"
"चौकशी झाली. माझी वही बघितली.
अक्षर चांगलंय म्हणाले.
चूक कुणाचीच निघाली न्हाई.
जो तो आपल्या पायरीवर वेळेत होता."

तेवढ्यात लाईट गेली.
शेजारचे चादरीचे माग एकाएकी थांबले,
इतकी वर्षं त्या खडखडाटात बसून
मला माझ्याच सुईचा आवाज माहीत नव्हता.
मास्तर तेलुगूत काहीतरी पुटपुटले
आणि अंधारातच बिल्ले मोजायला लागले.

दोन दिवसांनी मी दुसऱ्या टोकानं विचारलं,
सगळ्यात वर कोण?
"तिन्ही दलांचे तीन प्रमुख.
तिघांना एकत्र बांधायला आता आणखी एक.
त्यांच्या वर सरकार,
आणि सर्वोच्च सेनापती म्हणजे राष्ट्रपती."
"त्यांच्या खांद्यावर काय असतं?"
"काय नसतं. साधे कपडे."
मास्तरांनी टेप गळ्यातून काढली.
"म्हणजे माप नाही?"
"माप नाही."
मास्तरांना हे फारसं आवडलं नाही.
ज्याचं माप घेतलं नाही
त्याच्या हुकमाला कापड किती लागेल,
हे त्यांच्या वहीत बसेना.

शेवटची खेप शिपायांची, आठशे शर्ट.
बाह्या मोकळ्या, खांदे मोकळे.
फीत नाही, तारा नाही, तपासायला काही नाही.
नुसती काजं. म्हणजे नुसतं माझं काम,
एका काजाला चाळीस पैसे.

मी निरोप धाडला होता, आज येऊ नका म्हणून.
तरी पाचला सायकल खांबाला टेकलीच.
बसले. एकेक शर्ट उलगडला,
कॉलर चाचपली, बटण काजातून घालून बघितलं,
पुन्हा काढलं.
असे दहा शर्ट त्यांनी बाजूला ठेवले.
मला वाटलं, खोट निघाली. विचारलं.
बोलले नाहीत.
अंधार पडेस्तोवर मांडीवर घेऊन बसले,
मग एकेक करून ढिगात परत सरकवले,
मध्ये मध्ये, वेगवेगळ्या जागी.