हयातीचा दाखला

मोन्तेविदेओत जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.
वकिलातीच्या चार नंबरच्या खिडकीमागे मी,
पुढे रांग: गालिसियाहून कधीकाळी आलेली म्हातारी माणसं,
बगलेत थर्मास, हातात यर्बाचा भोपळा.
पेन्शन समुद्रापलीकडून येतं,
म्हणून दरसाल एकदा सिद्ध करायचं
की आपण आहोत.

एउदोसिया वारेला. रात्रशाळेत आम्हाला तर्कशास्त्र शिकवायच्या.
मी दोनदा नापास.
खिडकीशी आल्या की फॉर्म चष्म्याजवळ धरायच्या:
"नीकानोर, कलम सात वाच.
अर्जदार मयत असल्यास येथे खूण करावी.
केली कुणी आजवर?"
"नाही, बाई."
"मग यावरून काय निघतं?"
"कुणी मेलेलं नाही."
"नापास," म्हणायच्या, आणि सही ठोकायच्या.

एकदा म्हणाल्या, "मी इथे आहे
हे वाक्य कुणीही, कुठेही उच्चारलं तरी खरंच.
जे खोटं पडूच शकत नाही
त्याची साक्ष काय कामाची?
समोरच्या सलूनमधला पोपटही म्हणतो."

पुढच्या वर्षी आठवणींवर आल्या.
"विगोच्या धक्क्यावर, नऊ वर्षांची मी,
आईनं गळ्यात उकडलेल्या चेस्टनटांची माळ घातलेली.
मला आठवतं, म्हणून ती पोर म्हणजे मी. बरोबर?"
"बरोबर."
"पण ही आठवण आहे, ऐकीव गोष्ट नव्हे, हे कशावरून?"
"कारण ते तुमच्याच बाबतीत घडलं."
"बघ, इथंच घोडं पेंड खातं.
मी आठवणीला धरलंय, आठवणीनं मला,
बुडणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं तसं,
आणि तू काठावरून सांगतोस
की दोघांनाही आधार आहे!"
मागची रांग कुरकुरली. त्यांनी ऐकलं नाही.

यंदा त्यांना भाची घेऊन आली.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तसं, वेळ न बघता.
नाव विचारलं. त्या भाचीकडे वळल्या.
बोट यंत्रावर ठेवलं:
खडूनं, साबणानं, एकोणनव्वद वर्षांनी
घासून गेलेल्या रेषा.
जुळत नाही.
पुन्हा: जुळत नाही.
नियम म्हणतो, अशा वेळी
अधिकाऱ्यानं स्वतःच्या ओळखीवर खात्री करावी.

रद्दी कागदाच्या पाठीवर मांडून पाहिलं, त्यांनी शिकवलं तसं.
एउदोसिया वारेला मला ओळखतात.
या बाई मला ओळखत नाहीत.
म्हणून
इथे हात थांबला.
चेहरा? तो तर दरसाल थोडा सरकत होता
आणि मी दरसाल मान्य करत होतो,
एका दाण्यानं रास मोडत नाही, एका दाण्यानं रास मोडत नाही.
आता खळं रिकामं.
कोणत्या दाण्याला रास संपली, सांगता येत नाही.
आणि संपली म्हणावं
तर समोर हा भोपळा कुणाच्या हातात थरथरतोय?

शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं:
"अर्जदार त्याच आहेत, कारण मी त्यांना ओळखतो."
कागद सहीसाठी पुढे सरकवला.

त्यांनी तो चष्म्याजवळ धरला.
बराच वेळ.
मग माझ्या हातातलं पेन घेऊन
'कारण' या शब्दाखाली रेघ ओढली
आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं,
शेपूट जरा लांब, तेव्हा काढायच्या तसं.

भाची ओशाळली, नवा फॉर्म द्या म्हणाली.
राहू दे, म्हटलं.
यावरून काहीच निघत नाही, ठाऊक आहे मला.
सवय म्हणजे माणूस नव्हे;
मालक गेल्यावरही बैल घरची वाट धरतोच.
बाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
नापास.
बाई असत्या तर,
असं मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणत होतो.

शिक्का मारला. शाई जास्तच लागली.
पेन त्यांच्याबरोबर गेलं.
रांगेतले पुढचे गृहस्थ शिसपेन्सिलीनं सही करायला निघाले,
ती चालत नाही, त्यांना सांगितलं.