उजेडात धरून

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोरा ताव उजेडात धरून
आतली पाण्याची खूण तपासली.
खोटा एकही हातून सुटला नाही.

आता रात्री पाचदा उठतो.
दिवा लावत नाही, शालन जागी होते.
भिंतीला तळहात टेकून उभा.
थेंब. थांब. थेंब.
लांब मालगाडी रूळ बदलते, निघूनही जाते,
मी तिथंच.

शिवाय ती खालची सूज,
दीड वर्ष सैल पायजम्यात लपवलेली,
निकुंभलासुद्धा न सांगितलेली.

जेलरोडला डॉक्टर खैरनारांनी
खोलीतला दिवा घालवला, खालून टॉर्च टेकवला.
कंदिलाच्या काचेसारखं
लालसर उजळलं सगळं.
"पाणी आहे काका. घट्ट गाठ असती
तर उजेड अडला असता.
सोनोग्राफी करूच.
आणि प्रोस्टेट, ती सुपारीची लिंबाएवढी झालीय.
वयाचं असतं. आधी रक्त तपासू, मग गोळी."

मी मात्र मान वाकवून
अजून बघतच होतो.
सवय.

त्या रात्री दिवा लावला.
शालन उठून बसली. "कितव्यांदा?"

खरा आकडा सांगितला.